टर्बो गाडीचं बूस्ट रीडिंग जुळत नाही? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

पुण्यात टर्बो गाड्यांचं ट्यूनिंग करताना माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच: "प्रेशर सेन्सर गेलाय, बदलायचाय." काही जण स्कॅनरचा फोटो घेऊन येतात, तर काही जण नाना पेठेतून नवा सेन्सर घेऊनच येतात. अशा ज्या गाड्या मी आजवर तपासल्या, त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर ठणठणीत निघाला. आकडा बरोबर होता. वाचणाऱ्याने शून्य चुकीच्या जागी धरलं होतं, नाहीतर हवा वाटेत कुठेतरी गळत होती आणि सेन्सर तेच सांगत होता. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे देतो. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

लक्षणं

गाडी पिकअप घेत नाही, विशेषतः कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी ओढत नाही. थोडा वेळ जोरात पळते आणि एकदम दम सोडते, मग इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की काही किलोमीटर ठीक. डिझेल असेल तर काळा धूर. ॲक्सिलरेटर दाबल्यावर बॉनेटखालून पूर्वी नव्हता असा फुसफुस आवाज किंवा शिट्टी. चेक इंजिनचा दिवा, आणि स्कॅनरवर पी ०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा बाहेरच्यापेक्षा जास्त दाब) कमी, पी ०२३४ म्हणजे बूस्ट जास्त, पी ०१०६ ते पी ०१०८ किंवा पी ०२३६ ते पी ०२३८ म्हणजे सेन्सरच्या सर्किटबद्दल किंवा त्याच्या आकड्याबद्दल शंका. आणि ट्यूनिंग करणाऱ्यांची खास तक्रार: डॅशबोर्डवर लावलेला गेज एक सांगतो, लॅपटॉप दुसरंच सांगतो.

पी ०२९९ हा कोड "सेन्सर खराब" असं म्हणत नाही हे लक्षात ठेवा. ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं मिळालं नाही, एवढंच तो सांगतो. हा कोड बघून सेन्सर बदलणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलणं.

पहिली तपासणी, फुकट: इंजिन बंद, इग्निशन चालू

ही तपासणी मी प्रत्येक गाडीवर सगळ्यात आधी करतो. गाडी दहा मिनिटं बंद ठेवा, किल्ली ऑनवर आणा, इंजिन चालू करू नका. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा छोटा ॲडॅप्टर) लावून मोबाइलवर तीन आकडे बघा: मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब (तो मोजणाऱ्या सेन्सरला मॅप सेन्सर म्हणतात, ट्यूनिंगवाले ज्याला मॅप म्हणतात तो वेगळा, तो ईसीयूमधला तक्ता), थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) आधीच्या नळीतला बूस्ट सेन्सर असेल तर तो, आणि बॅरोमेट्रिक, म्हणजे बाहेरच्या हवेचं, प्रेशर. इंजिन बंद असताना तिन्ही ठिकाणी बाहेरचीच हवा असते, त्यामुळे तिन्ही आकडे एकमेकांच्या एक-दोन किलोपास्कलच्या आत असायला हवेत.

आता आकडा किती असावा? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. मुंबईत समुद्राकाठी तो १०१ च्या आसपास. म्हणजे पुण्यात उभ्या गाडीने ९४-९५ दाखवलं तर सेन्सरचा पाया पक्का आहे.

इथे बरेच जण फसतात. मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये पुण्याचा दाब १००८ किंवा १०१२ मिलिबार दिसतो, म्हणजे १०१ किलोपास्कल, आणि गाडी ९५ दाखवते. लगेच निष्कर्ष: सेन्सर सहाने कमी दाखवतोय. ॲपमधला आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, कारण हवामानाच्या नकाशावर पुणे आणि मुंबई यांची तुलना करायची तर उंचीचा फरक काढून टाकावाच लागतो. गाडीला ती गरज नाही. तिला फक्त आपल्या आसपासची खरी हवा हवी असते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

बॅरोमेट्रिक सेन्सरबद्दल शंका असेल तर रविवारी सिंहगडावर जा. पायथ्याला आणि वर पार्किंगमध्ये, दोन्हीकडे इंजिन बंद करून आकडा लिहून ठेवा. शहरात ९५ असेल तर वर ८७-८८ च्या आसपास यायला हवा. आकडा हललाच नाही तर ईसीयू ठरावीक आकडा धरून चाललाय, आणि तो दोष खरा आहे.

ॲबसोल्यूट आणि गेज: सगळा घोळ इथे आहे

थोडा वेळ इथे थांबतो, कारण ट्यूनिंग करताना इंजिनं बिघडतात ती याच गैरसमजातून.

मॅप सेन्सर पूर्ण निर्वात जागेपासून मोजतो, हे ॲबसोल्यूट प्रेशर. त्याचं शून्य म्हणजे हवाच नाही. डॅशबोर्डवरचा साधा बूस्ट गेज बाहेरच्या हवेपासून मोजतो, हे गेज प्रेशर. त्याचं शून्य म्हणजे बाहेर जेवढी हवा तेवढीच आत. मॅप सेन्सरने १५० दाखवलं तर पुण्यात बूस्ट १५० वजा ९५, म्हणजे ५५ किलोपास्कल, साधारण ८ पीएसआय. तोच १५० मुंबईत ४९ किलोपास्कल, साधारण ७ पीएसआय. गाडी तीच, ट्यून तोच, सेन्सर तोच. गेजवर मात्र एक पीएसआयचा फरक. आणि काही इलेक्ट्रॉनिक गेज आतल्या आत १०१ वजा करून दाखवतात, त्यामुळे पुण्यात इंजिन बंद असतानाही ते शून्याच्या खाली दिसतात. तो गेज बिघडलेला नाही. त्यात स्थानिक दाब भरायची सोय असेल तर भरा, नसेल तर सहा किलोपास्कलचा फरक मनात धरून वाचा.

हा फरक नुसता आकडेमोडीचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. ईसीयू ॲबसोल्यूट १५० मागत असेल तर मुंबईत टर्बोला हवा १०१ वरून १५० वर न्यायची आहे, म्हणजे सुमारे दीडपट. पुण्यात ९५ वरून १५०, जवळजवळ १.५८ पट. महाबळेश्वरला बाहेरची हवाच ८६ च्या आसपास, तिथे १.७४ पट. तेवढंच प्रेशर द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि दाबलेली हवा जास्त तापते. कंपनीच्या मूळ ट्यूनमध्ये उंचीप्रमाणे मागणी कमी करणारा तक्ता असतो. समुद्रकाठी बसून ज्याने ट्यून केला आणि तो तक्ता सपाट करून टाकला, त्याची गाडी मुंबईत छान चालते आणि घाटावर टर्बो खाते. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. मालकाची तक्रार "पुण्यात सेन्सर जास्त बूस्ट दाखवतो" अशी होती. सेन्सर खरं बोलत होता. टर्बोच्या शाफ्टला तोवर खेळ आला होता.

दुसरी तपासणी: आयडलिंग

इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. पेट्रोल इंजिनाचा मॅप साधारण ३० ते ४० किलोपास्कलवर यायला हवा, कारण थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि इंजिन हवा ओढत असतं. एसी लावला की आकडा थोडा वर जातो, ते योग्यच. कारण काहीही नसताना ५० च्या वर राहत असेल तर थ्रॉटलनंतर कुठेतरी बाहेरची हवा आत शिरतेय: फाटलेली व्हॅक्यूम नळी, ब्रीदरचा (इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या नळीचा) व्हॉल्व्ह, गॅस्केट, किंवा सेन्सरची स्वतःची ओ-रिंग.

डिझेलला हा नियम लावू नका. डिझेलमध्ये आयडलिंगला आकडा बाहेरच्या दाबाच्या आसपासच असतो, कारण तिथे पॉवर कमी-जास्त होते ती डिझेलच्या मात्रेवर, हवा अडवून नाही. "डिझेलचा मॅप आयडलला ९४ दाखवतो, व्हॅक्यूम बनत नाही" असं म्हणून सेन्सर बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

तिसरी: हात आणि डोळे

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. पावसाळा संपल्यानंतर बाह्यवळणावरच्या आणि बांधकामांच्या धुळीने तो किती लवकर भरतो हे पुणेकरांना सांगायला नको. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि तिथून थ्रॉटलपर्यंत प्रत्येक रबरी होज हाताने दाबत जा. क्लिप फिरते का, सांध्याजवळ ओला तेलकट डाग आहे का, ते बघा. टर्बोच्या हवेत थोडी तेलाची वाफ असतेच, त्यामुळे जिथून हवा गळते तिथे तेलावर धूळ बसून काळा पट्टा तयार होतो. तो पट्टा म्हणजे गळतीची जागा.

होजचा खालचा भाग विसरू नका. कोथरूडहून आलेल्या एका गाडीत दोन नवे सेन्सर घालून झाले होते. चीर इंटरकूलरच्या खालच्या होजच्या पोटाला होती, वरून दिसत नव्हती, आणि नुसत्या हाताने उघडतही नव्हती. आत प्रेशर आलं की तिचं तोंड उघडायचं. होज वाकवून, अंगठ्याने ताणून बघितली तेव्हा सापडली.

व्हॅक्यूमवर चालणारा टर्बो अ‍ॅक्च्युएटर (टर्बोचा जोर आवरणारा दांडा हलवणारा भाग) असेल तर त्याच्या बारीक नळ्याही टोकापासून टोकापर्यंत बघा. इंजिनाच्या उष्णतेने त्या कडक होऊन टोकाला तडकतात. पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या आणि वायरी तर दर पावसाळ्यात येतात.

चौथी: सेन्सर काढून साफ करणं

एक-दोन स्क्रू, एक कनेक्टर. डिझेल गाड्यांत ईजीआरमधून (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून) येणारी काजळी आणि ब्रीदरमधलं तेल मिळून सेन्सरच्या तोंडावर डांबरासारखा थर बसतो. मग आकडा चुकत नाही, उशिरा येतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर खरं प्रेशर वर जातं, सेन्सर मागून रेंगाळत येतो, आणि ईसीयूला वाटतं बूस्ट कमी आहे. पाय सोडल्यावरही आकडा हळू उतरतो. हा उशीर ओळखता आला तर बराच खर्च वाचतो.

साफ करायला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा एअर सेन्सरसाठीचा क्लीनरच वापरा. कार्ब क्लीनर, पेट्रोल, थिनर नको. आतलं जेल आणि प्लास्टिक खराब होतं. भोकात पिन किंवा तार घालू नका, आतला पडदा फार नाजूक असतो. कंप्रेसरची हवाही मारू नका. स्प्रे करा, तोंड खाली करून वाळू द्या, आणि बसवताना ओ-रिंग बघा. चपटी झाली असेल तर बदला. जिथे सेन्सर बसतो ते भोकही काजळीने बुजलेलं असतं, ते साफ केल्याशिवाय सेन्सर साफ करून उपयोग नाही.

पाचवी: मल्टिमीटर

बहुतेक मॅप सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. चौथी असेल तर ती हवेच्या तापमानाची. कनेक्टर काढून, इग्निशन चालू ठेवून पुरवठ्याच्या पिनवर ५ व्होल्टच्या जवळ येतात का ते बघा. ४.६ किंवा ४.७ येत असतील तर दोष सेन्सरच्या आधी आहे. तोच पुरवठा वाटून घेणारा दुसरा एखादा सेन्सर किंवा घासलेली वायर ते व्होल्टेज खाली खेचत असते. मग कनेक्टर लावून इंजिन चालू ठेवा आणि वायरिंग हलक्या हाताने हलवा. आकडा उडाला तर दोष पिनमध्ये किंवा वायरीत आहे.

ट्यूनिंगमध्ये मोठ्या रेंजचा सेन्सर बसवलेला असेल तर इथे खास लक्ष द्या. समजा जुना सेन्सर ०.५ व्होल्टला २० आणि ४.५ व्होल्टला २५० किलोपास्कल दाखवणारा होता, आणि नवा ०.५ ला २० आणि ४.५ ला ३०० असा आहे. पुण्याच्या ९५ ला जुना १.८० व्होल्ट देईल, नवा १.५७. ईसीयूमधलं स्केलिंग (किती व्होल्ट म्हणजे किती दाब, हा हिशेब) बदललं नसेल तर ती या १.५७ चा अर्थ ८२ किलोपास्कल असा लावते. कळसूबाईच्या माथ्यावरसुद्धा दाब साधारण ८३ असतो. गाडी घराच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि ईसीयू तिला महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर समजतेय. जी इंजिनं मॅपवरून हवेचा हिशेब करतात, त्यांना मग पेट्रोल कमी मिळतं, आणि पूर्ण थ्रॉटलला कमी पेट्रोल म्हणजे नॉकिंग (पेट्रोल-हवा अवेळी भडकणं), वितळलेले पिस्टन. ट्यून केलेल्या गाडीचा इंजिन बंद असतानाचा आकडा चुकत असेल तर पुढचं काहीही करू नका, गाडी जोरात पळवू नका. आधी स्केलिंग बरोबर करून घ्या.

सहावी: गळतीची प्रेशर टेस्ट

डोळ्यांना काही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. धूर कुठून येतो ते सरळ दिसतं. पण स्मोक टेस्टचं प्रेशर फार कमी असतं. कोथरूडच्या गाडीसारखी दाबाखाली उघडणारी चीर त्यात निसटते. तेव्हा टर्बोच्या तोंडाला टोपी लावून रेग्युलेटरमधून अर्ध्या बारपर्यंत हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. ही टेस्ट घरी करू नका. टोपी सुटली तर गोळीसारखी येते, आणि हवा ब्रीदरमधून क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील बाहेर ढकलू शकते. ज्याने आधी केली आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

सातवी: चालत्या गाडीतला लॉग

चालवणारा एक, लॉग करणारा दुसरा, आणि रस्ता मोकळा. जमलं तर डायनोवरच (गाडी जागेवर पळवून मोजायचं यंत्र). साध्या डोंगलला सेकंदाला मोजकेच आकडे मिळतात, त्यामुळे वीस पॅरामीटर लावू नका. मागितलेलं बूस्ट, मिळालेलं बूस्ट, आरपीएम, हवेचं तापमान एवढे पुरे. वेस्टगेटची (टर्बोचा वेग आवरणाऱ्या झडपेची) कमांड दिसत असेल तर तीही घ्या.

मिळालेलं प्रेशर मागितलेल्याच्या खाली राहतं आणि वेस्टगेट पूर्ण बंद ठेवायचा प्रयत्न चालू आहे: गळती, अडकलेला अ‍ॅक्च्युएटर किंवा थकलेला टर्बो. आधी उसळून वर जातं मग जागेवर येतं: कंट्रोलचा प्रश्न, बहुतेकदा ट्यूनमध्ये. करवतीच्या दातांसारखं वरखाली: सोलेनॉइड किंवा वेस्टगेटचा दांडा अडकतोय. थ्रॉटलआधीचा सेन्सर १६०, नंतरचा १४०, आणि पाय पूर्ण दाबलेला: थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, किंवा ईसीयूच तो अडवतेय. आलेख वर जाऊन एका आकड्यावर सपाट, जणू पट्टीने आखलेला: सेन्सरची किंवा ॲपची मर्यादा संपली. ओबीडीचा नेहमीचा मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा २५५ किलोपास्कलपर्यंतच जातो. त्यापुढचं खरं प्रेशर त्यात दिसतच नाही. वरचं दिसत नसताना बूस्ट वाढवत राहणं धोक्याचं आहे.

एक विनंती कळकळीने करतो. गळती असताना ट्यूनमध्ये वेस्टगेटचे आकडे वाढवून बूस्ट "जुळवून" देणारे लोक आहेत. लॉग सुंदर दिसतो. पण गळणारी हवा भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरत राहतो, एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत इनटेकची हवा आणखी तापते, आणि काही महिन्यांनी बिल टर्बोचं येतं. दोष आधी काढा, ट्यून नंतर.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पी ०२३४ येत असेल, म्हणजे बूस्ट हाताबाहेर जात असेल, तर गाडी हळू चालवत गॅरेजला न्या. सायरनसारखा किंवा धातू घासल्याचा आवाज, निळसर धूर, इंजिन ऑइल उतरणं, इंटरकूलरच्या होजमध्ये तेलाचं थारोळं: गाडी चालवूच नका, टो करा. डिझेलमध्ये टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत अनावर पळू शकतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. पेट्रोलमध्ये जोर लावल्यावर खडखड ऐकू आली तर पाय लगेच काढा. टर्बो उघडणं, व्हेरिएबल व्हेन सोडवणं, डिझेलच्या हाय प्रेशर लाइनला हात लावणं आणि ईसीयूमधलं स्केलिंग बदलणं, यांतलं काहीही घरी करायचं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मल्टिमीटर लावण्याआधीच सर्व्हिस सेंटरला न्या.

जाताना एका कागदावर हे लिहून न्या: इंजिन बंद असतानाचे तीन आकडे आणि ते कुठे घेतले, आयडलिंगचा मॅप एसी बंद आणि चालू असताना, कोड पुसण्याआधीचा स्कॅनरचा फोटो, आणि दोष कोणत्या गिअरला, किती आरपीएमला, गाडी थंड असताना की गरम असताना येतो. हा कागद हातात असला की माझं पहिल्या दिवसाचं निम्मं काम झालेलं असतं.